जामीन कोण राहणार?

खानापूरकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या आठवड्यात आले. चार पानी पत्र, दोन पाने मराठीत, दोन कानडीत. मनातले फार आत दुखले की आपण सीमेवरची माणसे ज्या भाषेत आईने थोपटले त्या भाषेत जातो, तसे ते पत्र मधूनच कानडीत गेले आहे. मुलगा बावीस वर्षांचा. गांजा जवळ बाळगल्याबद्दल पकडला, सध्या हिंडलग्यात आहे. वकील म्हणतात जामीन होईल, पण घरातून कोणीतरी उभे राहायला हवे. यजमान म्हणतात, राहू दे आत, चार महिने काढले की शहाणा होईल. आणि त्या मला विचारतात, "ताई, तुम्ही इतकी वर्षे लिहिताय, तुम्हीच सांगा, आत राहून पोर सुधारते का?"

वाचकहो, या सदरात मी पापड-लोणच्यापासून सुनेच्या माहेरपणापर्यंत सगळे लिहिले. एक गोष्ट मात्र लिहायची टाळत आले. या पत्रानंतर ती टाळणे बरे नव्हे. बहिणीला विचारले, तिने हो म्हटले, भाच्यालाही विचारले. तो म्हणाला, "दोड्डव्वा, नाव घालू नको, बाकी काय लिहायचं ते लिही."

पण आधी २००८ सालची एक हकीकत सांगते, कारण माझ्या डोक्यात ती पहिली.

त्या साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. बाळ चार महिन्यांचे झाले आणि त्यांना मोठ्या जागेत जायचे ठरले. सामान हलवायला जावयांनी माणसे बोलावली. सकाळी आठाच्या ठोक्याला चौघे हजर. दाराएवढे उंच, मानेपर्यंत गोंदलेले, पण शर्ट इस्त्रीचे आणि बोलणे अगदी अदबीचे. मी पोहे केले होते. ते द्यायला निघाले तर मुलगी हळूच म्हणाली, "आई, ही सगळी तुरुंगातून आलेली माणसं आहेत बरं का. डिलान्सी स्ट्रीटची."

खोटे कशाला बोलू, मी पोह्याची ताटली ओट्यावर ठेवली आणि आधी माझी बांगड्यांची पिशवी उचलून बाळाच्या दुपट्याखाली ठेवली. पस्तीस वर्षे मुलांना 'माणूस कपड्यावरून ओळखू नये' असे शिकवलेली बाई मी.

देव्हाऱ्याशी आल्यावर त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाने हे काय आहे म्हणून विचारले. मुलीने सांगितले. त्याने तो खोक्यात घातला नाही. ट्रकमध्ये पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसला आणि नव्या घरी स्वतः हातात धरून आणला. दुपारी पोहे खाताना जावयांनी विचारले तेव्हा थोडे बोलला. सात वेळा आत-बाहेर झाले होते. आठव्या वेळी न्यायाधीशाने दोन वाटा ठेवल्या, पुन्हा तुरुंग किंवा डिलान्सी स्ट्रीट. "तुरुंग सोपा होता," तो म्हणाला. मुलीने मराठीत सांगितले तेव्हा मला वाटले तिने उलटे ऐकले. तसे नव्हते. तो पुढे म्हणाला, तुरुंगात कोणी तुमच्याकडून काही मागत नाही.

मुलीने नंतर मला या संस्थेची माहिती देणारे कागद काढून दिले. पुढे बरेच वाचत गेले. आपल्याकडे फार माहीत नाही म्हणून सांगते.

ही संस्था १९७१ साली सुरू झाली. जॉन माहेर नावाचा, स्वतः नशेतून आणि तुरुंगातून गेलेला माणूस, त्याच्यासारखेच आणखी तिघे आणि उसने आणलेले हजार डॉलर. लवकरच गुन्हेगारीशास्त्रात डॉक्टरेट असलेल्या मिमी सिल्बर्ट त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढची कित्येक दशके त्यांनीच संस्था चालवली. नाव न्यूयॉर्कमधल्या एका रस्त्याचे. परदेशातून बोटीने आलेली गरीब माणसे आधी त्या भागात राहायची, एकमेकांच्या आधाराने उभी राहायची आणि मग पुढे जायची. व्यसनातून आणि तुरुंगातून येणारा माणूसही तसाच परक्या मुलुखात उतरलेला असतो, हा त्यामागचा विचार. श्रीमंतांच्या वस्तीतला एक जुना वाडा त्यांनी घेतला तेव्हा शेजाऱ्यांनी मोठा विरोध केला. पुढे समुद्रकाठी स्वतःची मोठी वसाहत उभारली, ती १९९० साली पूर्ण झाली. बांधली कोणी? तिथेच राहणाऱ्यांनी. बहुतेकांनी त्याआधी थापी हातात धरलेली नव्हती.

आत येण्याची रीत मला फार आवडली. दाराशी एक बाक आहे. ज्याला यायचे त्याने त्या बाकावर येऊन बसायचे. मग आत राहणारेच लोक मुलाखत घेतात. डॉक्टर नाही, अधिकारी नाही. त्यामुळे थापा मारून चालत नाही, कारण समोरच्यानेही दोन वर्षांपूर्वी त्याच थापा मारलेल्या असतात. तुरुंगात असलेल्यांच्या मुलाखती तिथे जाऊन किंवा पत्राने घेतात. नियम तीन. नशा नाही, मारामारी नाही, मारण्याची धमकीसुद्धा नाही. धमकी दिली तरी बाहेर. पहिले काम केर काढण्याचे आणि पुसण्याचे. पगारी नोकरवर्ग नाही, सरकारचे अनुदान नाही. सामान हलवणे, खानावळ, छपाई, नाताळची झाडे विकणे अशा धंद्यांवर घर चालते. जो आज शिकला त्याने उद्या नव्याला शिकवायचे, मग ते बारावीच्या तोडीचे गणित असो की फ्रिजला दोर बांधणे. बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात तीन कामे असावीत अशी अपेक्षा.

आणि किती दिवस राहायचे? कमीत कमी दोन वर्षे. बहुतेक जण त्याहून जास्त, चारच्या आसपास राहतात. मी ते वाचले तेव्हा मनात म्हटले, अमेरिकेत काय, सगळेच मोठे. दोन वर्षे आपल्याकडे कोण ठेवणार आणि कोण राहणार! कागद घडी घालून ट्रंकेत ठेवले आणि ते अकरा वर्षे तिथेच राहिले.

आता आमच्या घरातली गोष्ट.

माझी धाकटी बहीण गोकाकला दिलेली. घर कानडी. तिचे यजमान सज्जन, शब्दाचे पक्के, शाळेत हेडमास्तर होते. त्यांचा एकुलता मुलगा बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला होता. दोघा मित्रांबरोबर खोली करून राहायचा. रविवारी माझ्याकडे जेवायला. हळूहळू रविवार चुकायला लागले. आला तरी डोळे लाल, बोलणे तुटक. मी विचारी, "ऊटा आतेन?" तो "हां" म्हणे आणि पाणी पिऊन उठे. रात्रपाळीचा शीण असेल असे मी धरून चालले. गांजा, वर गोळ्या, पगाराच्या दिवशी दारू, हे सगळे नंतर कळले. दोन वर्षे चालले होते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हाला आठवत असेल. गोकाकात घटप्रभेचे पाणी बहिणीच्या घरात कमरेपर्यंत आले होते. त्याच आठवड्यात पोलिसांनी भाच्याला पकडले. जवळ तीनशे ग्रॅमच्या आसपास गांजा. एका बाजूला घरातून चिखल उपसताहेत, दुसऱ्या बाजूला हा निरोप. बहिणीचे यजमान फोनवर इतकेच म्हणाले, "इरली बिडु, अक्का. आत राहू दे. मंदी एन अंतार?"

लोक काय म्हणतील. 'मंदी' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांना सारखाच जवळचा आहे आणि दोन्हीकडे सारखाच भारी पडतो.

आमच्या घराण्यात हिंडलगा नवा नव्हता. माझे काका सीमा सत्याग्रहात तिथे जाऊन आलेले. सुटून आले तेव्हा दारात ओवाळले होते, आणि ती गोष्ट दर दिवाळीला फराळाबरोबर निघायची. त्याच भिंतीआड आता घरचे पोर गेले आणि आम्ही शेजारणीला सांगितले की तो कामासाठी हुबळीला गेला आहे.

वकील म्हणाले होते, माल कमी प्रमाणातला आहे, जामीन मिळेल. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण कायदा 'अल्प' धरतो. फक्त जामीनदार हवा. म्हणजे कोर्टात उभे राहून, कागदावर सही करून, 'हा आमचा आहे' असे म्हणणारा माणूस. बाप गेला नाही. आणि मी? माझी पेन्शन होती, नावावर घर होते, कोर्ट माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मीसुद्धा गेले नाही. मनाला समजावले की बापाच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ. खरे कारण वेगळे होते. कोर्टाच्या आवारात माझे जुने विद्यार्थी वकिली करतात. ते पाहतील, याची लाज.

तेवीस दिवस तो आत राहिला. शेवटी बहीणच एकटी बसने आली, कानातल्या कुड्या गहाण टाकल्या, एका ओळखीच्याला जामीन ठेवला आणि मुलाला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागले.

खानापूरच्या ताई, तुमच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे. तेवीस दिवसांत तो सुधारला नाही. बारीक झाला, खरूज घेऊन आला, आणि आधी ज्यांची नावेही माहीत नव्हती अशा चार जणांचे फोन नंबर पाठ करून आला.

मग आम्ही दुसरी चूक केली. कोणीतरी एका केंद्राचा पत्ता दिला. नाव लिहीत नाही. गाडी घरी येते, माणसे मुलाला उचलून नेतात, महिन्याला ठरावीक रक्कम, तीन महिने भेट नाही. भरतीच्या कागदावर सही मी केली, जामिनाच्या वेळची भरपाई म्हणून म्हणा. तिसऱ्या आठवड्यात त्याला दोन मिनिटे फोन दिला. कुजबुजत म्हणाला, "दोड्डव्वा, हे मारतात. रात्री कोंडतात." आणि मी म्हणाले, "सहन कर बाळा, तुझ्या भल्यासाठीच आहे." हे वाक्य मला अजून रात्री जागे करते. डिसेंबरात तो तिथून भिंत चढून पळाला, पायाला पट्टी बांधून घरी आला.

वकिलांनी मात्र तोवर एक वाट काढली होती. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो कडक आहे हे सर्वांना माहीत असते. त्यातच व्यसनी माणसासाठी दोन दारे ठेवलेली आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. कलम ६४ अ म्हणते की, ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे असा व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. कलम ३९ त्यापुढचे. गुन्हा शाबीत झाला तरी न्यायाधीश लगेच तुरुंगात न धाडता, आरोपीच्या संमतीने, त्याला उपचारासाठी सोडू शकतात. मात्र बंधपत्र लिहून द्यायचे आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टापुढे आणायचा. अहवाल चांगला असेल तर समज देऊन, पुन्हा गुन्हा करणार नाही अशा जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येते. मोठा साठा, विक्री, याला ही दारे नाहीत. आणि कलम ३९ चे दार न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून मिळत नाही.

दोन्ही कलमांत एक अट आहे. उपचाराचे ठिकाण सरकारी किंवा सरकारमान्य असले पाहिजे. आमच्या वकिलांनी त्या केंद्राचा दाखला लावून ६४ अ खाली अर्ज केला होता. तो टिकला नाही, कारण त्या केंद्राला कसलीच मान्यता नव्हती. चाळीस हजार रुपये भरून आम्ही मुलाला मार खायला पाठवले होते आणि कोर्टाच्या लेखी त्याचे मोल शून्य. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि नशेच्या विकारालाही लागू होतो. अशा केंद्राने नोंदणी केली पाहिजे, आणि तिथल्या माणसाला कोणी क्रूरपणे वागवता कामा नये, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मी सही करण्याआधी एकदा तरी 'नोंदणीचा कागद दाखवा' म्हणायला हवे होते. घरात मिक्सर आणताना गॅरंटी कार्ड मागते मी.

त्या काळात ट्रंक उघडून ते जुने कागद पुन्हा वाचले. आणि या वेळी त्यातले दुसरेही दिसले. जॉन माहेर डिलान्सी स्ट्रीटच्या आधी सिनेनॉन नावाच्या संस्थेत होता. १९५८ साली कॅलिफोर्नियात निघालेली ती संस्थाही व्यसनी लोकांनीच चालवलेली, एके काळी तिची फार वाहवा झाली. पुढे तिचा पंथ झाला. लोकांना मारहाण, डोकी भादरणे, आणि १९७८ साली विरोधातल्या एका वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप सोडण्यापर्यंत मजल गेली. इटलीत सान पात्रिन्यानो म्हणून याच धर्तीची मोठी वसाहत आहे, १९७८ पासूनची. शेती, गोठे, विणकाम, हजारो मुले तिथून बरी होऊन गेली. तिथेही सुरुवातीच्या काळात काही मुलांना साखळीने बांधल्याचे उघड झाले, खटला चालला, वरच्या कोर्टात सुटका झाली, आणि १९८९ साली एका मुलाचा तिथल्याच सोबत्यांच्या मारहाणीत जीव गेला. इटलीच्या कायद्यात व्यसनी कैद्याला सहा वर्षांपर्यंतची शिक्षा अशा ठिकाणी उपचार घेत काढण्याची सोय आहे, काही गंभीर गुन्ह्यांत चार वर्षांपर्यंत. सोय चांगलीच आहे. पण जिथे दार बाहेरून बंद होते, आत डोकवायला कोणाला मुभा नसते आणि एकाच माणसाचा शब्द चालतो, तिथे 'तुझ्या भल्यासाठी' म्हणत काहीही होऊ शकते. डिलान्सी स्ट्रीटची जमेची बाजू मला आता तो बाक वाटतो. तिथे माणूस आपल्या पायाने येऊन बसतो आणि आपल्या पायाने उठून जाऊ शकतो. पुष्कळ जण जातातही. खुद्द माहेर पुढे पुन्हा दारूला लागला, संस्था सोडून गेला आणि १९८८ साली वारला. संस्था तरीही राहिली.

असो. पुन्हा घराकडे येते.

२०२० च्या फेब्रुवारीत भाच्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी कलम ३९ खाली उपचाराची परवानगी दिली. त्या दिवशी कोर्टात मी होते. माझा एक विद्यार्थी काळा कोट घालून समोरून आला, "बाई, तुम्ही इकडे?" म्हणाला. मी म्हणाले, "माझ्या बहिणीचा मुलगा आहे आत. त्याच्यासाठी आले." त्याने खुर्ची आणून दिली. एवढेच झाले. सहा महिने ज्याला भ्याले ते एवढेच होते.

या वेळी केंद्र पाहून निवडले. महाराष्ट्रात, सरकारमान्य, डॉक्टर येणारे, घरच्यांना भेटू देणारे. आपल्याकडे अशा कामाचा पाया पुण्याच्या मुक्तांगणने घातला. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ते उभे केले आणि बरे झालेल्या मित्रांनाच नव्यांच्या मदतीला लावले. तीच रीत पुढे अनेकांनी उचलली. भाच्याच्या केंद्रातही समुपदेशक स्वतः त्यातून गेलेला. उपचार पस्तीस दिवसांचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दाखल केला, एप्रिलमध्ये आणायचा असा हिशेब.

आणि २५ मार्चला सगळा देश बंद झाला. कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस उभे राहिले. इकडचे तिकडे जाईना, तिकडचे इकडे येईना. पस्तीस दिवस संपले, पोर तिथेच. केंद्रात स्वयंपाकाच्या मावशी येईनाशा झाल्या. आत अडकलेल्यांनीच चूल हातात घेतली. भाच्याच्या वाट्याला भाकरी आल्या. आईच्या हाताखाली जोळद रोट्टी थापताना लहानपणी पाहिलेली, तेवढ्या जोरावर. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी जळके तुकडे खाल्ले म्हणे. जूनमध्ये व्हिडिओवर त्याने मला भाकरी फुगलेली दाखवली. "साठ जणांच्या, दोड्डव्वा, दोन्ही वेळच्या," म्हणाला. त्याच्या चेहऱ्याला इतक्या वर्षांनी रंग होता.

मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या शहाणपणाने हे झाले नाही. पस्तीस दिवसांनी तो परत आला असता तर उद्यमबागेतल्या त्याच खोलीत आला असता, त्याच दोघांच्या शेजारी. शरीरातले विष उतरायला काही आठवडे पुरतात. पण सकाळी उठून काय करायचे, पगार हातात आला की कुठे जायचे, राग आला की काय करायचे, हे नव्याने शिकायला वेळ लागतो. ती शिकवणारी जागा आपल्याकडे फार थोडी आहे. कोर्ट तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकते, ठीक. पण उपचार महिन्या-दीड महिन्यात संपतो आणि मग पोर सरळ त्याच गल्लीत. ऑक्टोबरात वाहतूक सुरू झाली तेव्हा भाच्याने स्वतःच विचारले, "मी इथंच राहू का? पगार नको, जेवण आणि खोली देतायत." त्याच्या वडिलांना वाटले पोराला लाज वाटते म्हणून येत नाही. मी त्यांना त्या बाकाची गोष्ट सांगितली.

तो एकूण सव्वादोन वर्षे राहिला. मध्ये एकदा पाय घसरला. २०२१ च्या गणपतीत चार दिवस घरी आला होता, जुन्या मित्राने गाठले. तिसऱ्या दिवशी आईला सांगितले आणि रात्रीच्या बसने परत गेला. केंद्रातल्यांनी हाकलले नाही. चूल काढून घेतली आणि पुन्हा संडास धुण्यापासून सुरुवात करायला लावली. कोर्टाचा अहवाल त्याआधीच वेळेत गेला होता, बंधपत्राची मुदतही नंतर सुरळीत संपली.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येकाला हाच उपाय लागू पडेल असे मी म्हणत नाही. ब्राऊन शुगर किंवा तत्सम अफूजन्य नशा असेल तर डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे देतात आणि ती बराच काळ घ्यावी लागतात. 'औषध म्हणजे दुसरी नशाच' असे म्हणून ती बंद करणाऱ्या केंद्रापासून लांब राहा. अशी नशा काही महिने सुटलेल्या माणसाने पुन्हा जुन्याच प्रमाणात घेतली तर जीव जाऊ शकतो. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच धोक्याचे असतात.

भाचा आता निपाणीजवळ एका खानावळीत स्वयंपाक बघतो. लग्नाचे अजून जमत नाही. स्थळ आले की आम्ही सगळे सांगतो, आणि सांगितले की स्थळ परत जाते. बहीण रडते. तो म्हणतो, "लपवून केलं तर मला परत लपवायची सवय लागंल." वडील दर गुरुवारी गोकाकहून बसने त्याच्याकडे जेवायला जातात. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून दोन भाकऱ्या खातात आणि बिल देतात. तो घेत नाही, ते ठेवून येतात. दोघेही त्यावर बोलत नाहीत.

तर ताई, तुमच्या पत्राप्रमाणे येत्या सोमवारी तारीख आहे. यजमानांना हा लेख वाचून दाखवा, नाही पटले तर तुम्ही एकट्या या. वकिलाची फी जड होत असेल तर कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. कोठडीत असलेल्याला तिथून मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. उपचारासाठी १४४४६ हा सरकारी नंबर फुकट लागतो, जवळचे मान्यताप्राप्त केंद्र कोणते ते विचारा आणि नाव लिहून घ्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, घराचा उतारा आणि दोन फोटो आणा. मुलासाठी धुतलेला शर्ट आणा, त्याच कपड्यांत बाहेर आणू नका. मी साडेदहाला कोर्टाच्या पायऱ्यांवर असेन. हिरवी कापडी पिशवी हातात असेल.